पहिल्या फेरीचा चौदावा पट

यंदाच्या अंकाचा विषय 'असमानांची भेट' असा ठरल्याचे संपादकांनी कळविले, तेव्हा राजा आणि रंक, गुरू आणि शिष्य, सावकार आणि ऋणको अशा नेहमीच्या जोड्या बाजूला सारून माझे मन थेट बुद्धिबळाच्या खुल्या स्पर्धेतील पहिल्या फेरीकडे गेले. दोन माणसांतील असमानता आधी मोजावी, चार अंकी आकड्यात मांडून सर्वांसमक्ष भिंतीवर चिकटवावी, आणि मग त्याच दोघांना समोरासमोर बसवून, दोघांनाही तितकीच मोहरी, तितकाच वेळ आणि तेच नियम देऊन आता फैसला करा म्हणून सांगावे, असा दुसरा व्यवहार माझ्या पाहण्यात नाही. हा व्यवहार प्रत्यक्ष कसा चालतो, हे पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित दालनांत पाहण्यापेक्षा मोफसिल शहरात पाहावे अशा विचाराने मी सोलापुरास गेलो.

भिंतीवरचा कागद

शहराच्या पूर्व भागात, जेथे घरोघर यंत्रमागांचा खडखडाट अजून ऐकू येतो आणि दुकानांच्या पाट्यांवर मराठीच्या जोडीने तेलुगू अक्षरे दिसतात, तेथल्या एका मंगल कार्यालयात ही स्पर्धा भरली होती. मे महिना असल्यामुळे सकाळी नऊ वाजताच ऊन असह्य झाले होते. दालनाच्या चारही कोपऱ्यांत लावलेल्या कूलरांचा आवाज पंचांच्या ध्वनिक्षेपकावर मात करीत होता. आणि ज्या व्यासपीठावर एरवी वधूवरांच्या खुर्च्या मांडतात तेथे चषकांची रांग मांडून ठेवली होती. दालनभर लांबलचक टेबले, टेबलांवर गुंडाळून नेता येतात असे हिरव्या-पांढऱ्या घरांचे पट, प्रत्येक पटाशेजारी एक घड्याळ आणि दोन नोंदपत्रे. खेळणारे एकशेचौऱ्याऐंशी होते. सोबत आलेले पालक त्याहून अधिक असावेत.

पालकांची ही गर्दी सोलापूरचीच म्हणून ओळखता येत होती. आपसांत तेलुगूत बोलणारे बाप पंचांशी मराठीत बोलत, विजयपूर आणि कलबुर्गीहून आलेल्यांशी कानडीत, आणि मुलांना सूचना देताना ज्या भाषेत मूल लवकर ऐकेल त्या भाषेत. बार्शीहून, पंढरपूरहून, अक्कलकोटहून पहाटेच्या गाडीने आलेली कुटुंबे डबे उघडून ओसरीवर बसली होती. जोड्यांची यादी हल्ली प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर येते. तरीही आयोजकांनी ती छापून दाराशेजारच्या भिंतीवर लावली होती, आणि सारी गर्दी त्या कागदापुढेच होती. आपले नाव शोधायचे, समोरचे नाव वाचायचे आणि लगेच दोन्ही नावांपुढील आकडे ताडून पाहायचे, असा क्रम होता. तो आकडा पाहून मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटत होते ते पाहण्यासाठी मी बराच वेळ त्या भिंतीपाशी उभा राहिलो. कित्येक डाव तेथेच, पहिली चाल होण्यापूर्वी, निम्मे हरले जात होते.

जोड्या कशा जुळतात

एकशेचौऱ्याऐंशी खेळाडूंनी प्रत्येकाशी एक डाव खेळावयाचा म्हटले तर एकशेत्र्याऐंशी फेऱ्या लागतील आणि सुटी संपून पुढची सुटी येईल. बाद पद्धतीने खेळवावे तर निम्मी मंडळी पहिल्या दोन-तीन तासांतच घरी जातील. आणि ज्याने अक्कलकोटहून मूल आणले आहे तो मनुष्य पुन्हा येणार नाही. या दोन अडचणींतून काढलेला मार्ग म्हणजे स्विस पद्धत. १८९५ साली झुरिच येथील स्पर्धेत ती प्रथम वापरली गेली म्हणून तिला हे नाव पडले. तिच्यात कोणीही बाद होत नाही. प्रत्येक फेरीत ज्याच्या खात्यावर जितके गुण, तितक्याच गुणांच्या खेळाडूशी त्याची गाठ घालून दिली जाते, आणि एकदा खेळलेली जोडी पुन्हा जुळत नाही. आठ-नऊ फेऱ्यांत एवढ्या मोठ्या जमावाचीही बरी प्रतवारी लागते.

पण पहिल्या फेरीत गुण कोणाकडेच नसतात. म्हणून नावापुढच्या त्या आकड्याच्या, म्हणजे रेटिंगच्या, उतरत्या क्रमाने यादी करून ती मधोमध कापतात आणि वरच्या भागातील पहिल्यास खालच्या भागातील पहिला, दुसऱ्यास दुसरा, अशा जोड्या लावतात. येथे पहिल्या मानांकिताची गाठ त्र्याण्णवाव्याशी पडली, चौदाव्याची एकशेसहाव्याशी. एकाही पटावर समबलांची लढत नाही, सर्वत्र एक वरचा आणि एक खालचा, हे पहिल्या फेरीत काही दुर्दैवाने घडत नाही. ती तशी योजिलेलीच असते. पुढे फेरीगणिक ही दरी अरुंद होत जाते आणि मधल्या फेऱ्यांत मनुष्य आपल्या तोडीच्या माणसापर्यंत येऊन पोहोचतो. त्यामुळे जाणते प्रेक्षक पहिली फेरी टाळतात आणि वृत्तपत्रे तिचा निकाल 'मानांकितांची विजयी सलामी' या एका ओळीत संपवितात. माझ्या मते या ओळीखाली फार मोठा ऐवज दडून राहतो.

आकड्याची कैफियत

ज्या आकड्यापुढे मुले अशी गारठतात त्याचा कर्ता अर्पाद एलो हा हंगेरीत जन्मलेला, अमेरिकेतील मिलवॉकी येथे पदार्थविज्ञान शिकविणारा प्राध्यापक. त्याची गणनापद्धती जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० साली स्वीकारली. तिचे तत्त्व विनम्र आहे. कोण श्रेष्ठ हे ती सांगत नाही. दोघांच्या आकड्यांतील अंतरावरून, अशा अनेक डावांत गुणांची वाटणी सरासरीने कशी होईल, एवढेच ती सांगते. शंभराचे अंतर असेल तर वरच्याकडून एका डावात ०.६४ गुणाची अपेक्षा, दोनशेचे असेल तर सुमारे ०.७६, चारशेचे असेल तर ०.९२. बरोबरीचा अर्धा गुण यातच धरलेला असतो. म्हणजे चारशेच्या अंतरावरही खालच्यासाठी शंभर डावांत आठ गुण राखून ठेवलेले असतात. ते त्याने कोणत्या दिवशी उचलावेत याबद्दल हा हिशेब मौन पाळतो.

अपेक्षेहून अधिक मिळाले तर आकडा चढतो, कमी मिळाले तर उतरतो. किती, हे एका गुणकावर अवलंबून असते. नव्या खेळाडूंसाठी, तसेच अठरा वर्षांखालील आणि २३००च्या खालील मुलांसाठी तो गुणक ४०, सर्वसाधारण प्रौढासाठी २०, आणि २४०० ओलांडलेल्यांसाठी १०. वाढत्या वयाची शक्ती लवकर नोंदली जावी हा त्यातील हेतू उघड आहे. तरीही ती लवकर नोंदली जात नाही. घरी रोज चार तास पटापुढे आणि संगणकापुढे बसणारे मूल सहा महिन्यांत दोनशे गुणांनी बलवान होते, पण रेटिंगच्या स्पर्धा वर्षातून दोन-तीनच खेळायला मिळाल्या तर त्याच्या नावापुढचा आकडा मागच्या वर्षीच्याच मुलाचा राहतो. मग भिंतीवर जी चारशेची दरी दिसते ती पटावर कित्येकदा दोनशेचीच असते. हा रोग जगभर पसरला. खालच्या पायऱ्यांवरील आकडे खऱ्या बळाहून इतके खाली घसरले की मार्च २०२४ मध्ये फिडेने रेटिंगची किमान मर्यादा १०००वरून १४००वर नेली, आणि २०००च्या खालील प्रत्येकास २०००पर्यंतच्या त्याच्या अंतराचा दोन-पंचमांश भाग एकदाच वाढवून दिला. ज्याचे १००० होते त्याचे १४०० झाले, ज्याचे १५०० होते त्याचे १७००. दप्तरी दुरुस्ती झाली. पण मूल पुढे आणि आकडा मागे, ही शर्यत त्यानंतरही चालूच आहे.

चौदावा पट

चौदाव्या पटावर पांढरी मोहरी घेऊन पुण्याहून आलेले पन्नाशीचे गृहस्थ बसले होते; रेटिंग १९६०. समोर काळी मोहरी घेऊन अकरा वर्षांची एक मुलगी, रेटिंग १५६०. खुर्चीवर उशी ठेवल्याशिवाय तिचा हात पलीकडच्या हत्तीपर्यंत पोहोचेना, म्हणून आयोजकांपैकी एका बाईंनी कार्यालयाच्या सामानातून उशी आणून दिली होती. पंचांनी नियम वाचून दाखविले: प्रत्येकी नव्वद मिनिटे, प्रत्येक चालीमागे तीस सेकंदांची भर, हात लावलेले मोहरे खेळावेच लागेल, भ्रमणध्वनी जवळ सापडला तर डाव गेला. मग हस्तांदोलन होऊन साऱ्या दालनातील घड्याळे सुरू झाली.

गृहस्थांनी वजिरापुढचे प्यादे दोन घरे सारून पाठोपाठ उंट बाहेर काढला. ही लंडन पद्धत. अनुभवी खेळाडू लहान मुलांपुढे ती फार पसंत करतात, आणि त्यामागे पुरता विचार असतो. मुले हल्ली सुरुवातीच्या पंधरा-पंधरा चाली संगणकावरून पाठ करून येतात. जेथे पाठांतराचे फळ मिळते अशा तीक्ष्ण, मारामारीच्या वाटांवर त्यांच्याशी गाठ घेणे धोक्याचे असते. त्यापेक्षा मोहरी पटावर राखावीत, तणाव कोठेही फुटू देऊ नये, आणि पाठ केलेला भाग संपून स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेण्याची वेळ समोरच्यावर आली की त्याच्या हातून होणाऱ्या लहान लहान चुका गोळा करीत जावे. बलिष्ठाचे बळ प्रहारात थोडे आणि वाट पाहण्यात अधिक असते, हे मी त्या टेबलाशी उभा राहून प्रत्यक्ष पाहिले. एकविसाव्या चालीला मुलीने हत्ती एका घराने चुकीचा सरकविला. गृहस्थांच्या वजिराने एकाच वेळी दोन ठिकाणी जोर लावला, आणि एक प्यादे गेले. एवढेच घडले. त्यानंतर एक तासभर त्यांनी काहीही नवे केले नाही. एकेक मोहरे अदलाबदलीत काढून घेत ते एक प्यादे मोठे मोठे करीत नेले.

दरम्यान दालनातील बहुसंख्य डाव आटोपले होते आणि ते कागदाने वर्तविल्याप्रमाणेच आटोपले होते, हे येथे स्पष्ट नोंदविले पाहिजे. अर्ध्या तासात वजीर गमावून बसलेला एक लहानगा डाव सोडावयाचा असतो हे ठाऊक नसल्यामुळे मात होईपर्यंत खेळत राहिला होता. दुसरा एक, जिंकत असताना घाईने प्रतिपक्षाला कुजी, म्हणजे शह नसताना एकही चाल न उरल्याने होणारी बरोबरी, देऊन बसला आणि बाहेर येताच बापाच्या कुशीत रडला. असमान डावांतील बहुतेक पराभव असेच साधे असतात, आणि त्यांतून पराभूताला काही मिळायचे असेल तर ते डाव संपल्यावर मिळते.

चौदाव्या पटावर मात्र डाव चालू होता. चौसष्टाव्या चालीच्या सुमारास जी स्थिती आली ती मी माझ्या वहीत उतरून घेतली. पांढऱ्याचा राजा एफ-४ या घरात, पांढऱ्या घरांवरून फिरणारा उंट डी-५मध्ये, आणि दोन प्यादी, जी-५ व एच-४. काळ्याचा राजा जी-७मध्ये, घोडा एच-७मध्ये. बाकी काही नाही. दोन प्यादी अधिक असलेला मनुष्य हा डाव जिंकणारच. घोडा जी-५मधील प्यादे खाऊ शकत होता, पण मग एच-४मधील प्यादे त्याला मारून जी-रांगेत आले असते आणि पुढे वजीर झाले असते. मुलीने ते प्यादे खाल्ले नाही. राजा मागे-पुढे हलवीत ती थांबून राहिली.

गृहस्थांच्या घड्याळात चार मिनिटे उरली होती. त्यांनी एच-४मधील प्यादे एक घर पुढे केले. जी-प्याद्याला मागून असलेला आधार तेवढ्याने सुटला. आता त्याच्यापाशी फक्त राजा होता. मुलीने एक क्षणही न दवडता घोड्याने ते प्यादे मारले. राजाने घोडा मारला. काळ्याकडे एकटा राजा उरला, पांढऱ्याकडे उंट आणि एक प्यादे. आणि डाव बरोबरीत सुटला होता. उरलेले प्यादे पटाच्या कडेच्या रांगेतील, त्याचे वजीर होण्याचे घर एच-८ हे काळे, आणि उंट पांढऱ्या घरांचा, त्या कोपऱ्यावर ज्याची सत्ता कधीही चालणार नाही असा. एकटा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला की त्याला तेथून कोणीही उठवू शकत नाही. फार जवळ जावे तर कुजी होते. गृहस्थ सात-आठ चाली खेळले, मग त्यांनी हात पुढे केला. दोघांनी नोंदपत्रांवर सह्या केल्या.

मोहरे उणे घेऊन

आपल्या देशी खेळात, प्रतिपक्षाचा राजा असा एकाकी उरला की डाव पुरा जिंकला असे मानीत नसत, आणि प्याद्याने दिलेली मात सर्वांत मानाची समजत. बलाढ्याच्या विजयाला पायरीपायरीचे मोल लावणारी ती दृष्टी होती. युरोपातही एकोणिसाव्या शतकात असमानांच्या डावाची रीत निराळीच असे: वरच्याने आरंभीच एखादे प्यादे, घोडा किंवा हत्ती काढून ठेवायचा आणि मग खेळायचे. अमेरिकेचा पॉल मॉर्फी युरोप जिंकून १८५९ साली परतला तेव्हा त्याने यापुढे आपण एक प्यादे व पहिली चाल दिल्याशिवाय कोणाशी खेळणार नाही असे जाहीर केले होते. ती उदारता खरी, पण तिच्यात दुर्बळाचे दौर्बल्य आधीच मान्य करून घेतलेले असे. आजच्या स्पर्धेत कोणी कोणाला काही देत नाही, आणि मला हीच पद्धत अधिक सन्मानाची वाटते.

असमान डावांची सर्वांत फलद्रूप मालिका बहुधा कलकत्त्यास झाली. तेथे वकिली करणाऱ्या जॉन कॉक्रेन या बलाढ्य खेळाडूला १८५०च्या आगेमागे महेशचंद्र बॅनर्जी नावाचा मोफसिलातील एक ब्राह्मण आढळला. देशी पद्धतीने वाढलेला हा खेळाडू कॉक्रेनशी शेकडो डाव खेळला आणि त्यांतील बरेच हरला. परंतु देशी पटावर प्यादे एकेकच घर चालत असल्यामुळे, घोड्यापुढचे प्यादे एक घर सारून उंट त्या कोनाड्यात बसविण्याची त्याची सवय त्या डावांतून नोंदली गेली; लंडनच्या नियतकालिकांत ते डाव छापले गेले; आणि आज जगभर 'इंडियन' नावाने ओळखल्या जाणाऱ्या बचावांचा एक उगम तेथे सांगतात. हरणाऱ्याने जिंकणाऱ्यांच्या जगाला काय दिले याचा हा दाखला मी कोठेही सांगायला तयार असतो.

पुढचे दाखले अधिक परिचित आहेत. पंजाबातील एका जमीनदाराच्या पदरी असलेला मीर सुलतान खान १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकास हरविता झाला. मॅन्युएल आरन १९६२च्या स्टॉकहोम येथील आंतरविभागीय स्पर्धेत तेविसांत तेविसावे आले. परंतु त्याच स्पर्धेत त्यांनी पोर्टिश आणि उलमान या दोघा ग्रँडमास्टरांना हरविले होते, आणि तळाच्या त्या क्रमांकाबरोबर ही गोष्टही सांगितली पाहिजे. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ साली, तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा असमानतेचा प्रश्न पटावरून उठून न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला, आणि फिडेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय द्यावा लागला. आणि अगदी अलीकडे, जुलै २०२५ मध्ये, नागपूरच्या दिव्या देशमुख बाटुमी येथील महिला विश्वचषकात पंधराव्या मानांकित म्हणून गेल्या आणि दुसऱ्या मानांकित झू जिनेर, हरिका द्रोणावल्ली, माजी जगज्जेत्या तान झोंगयी व अंतिम लढतीत कोनेरू हम्पी अशा एकेक वरच्या आकड्यांना मागे टाकीत चषक घेऊन परतल्या; तान झोंगयींशी झालेला निर्णायक डाव एकशेएक चाली चालला. त्याच वर्षी गोव्यात भरलेल्या खुल्या विश्वचषकात जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीत फ्रेडरिक स्वाने या आपल्याहून बऱ्याच खालच्या मानांकिताकडून बाद झाला. हिशेबाने राखून ठेवलेले ते आठ गुण असे कोणीतरी येऊन उचलतो.

सोलापूरची अडचण

नागपूर, नाशिक, पुणे, मुंबई ही गावे आता ग्रँडमास्टरांची झाली आहेत. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन करून वर्षानुवर्षे उन्हाळ्यात स्पर्धा भरविल्या, त्यामुळे त्या लहान शहरात बलवान माणसे चालत येत आणि तेथल्या मुलांना त्यांच्याशी खेळायला मिळे. साडेनऊ लाख वस्तीच्या सोलापुरात खेळाची आवड कमी नाही, शिकविणारेही आहेत. उणीव आहे ती रोज समोर बसणाऱ्या सरस प्रतिस्पर्ध्याची. संगणक चूक दाखवितो, पण ती चूक करायला लावणारा, तासभर काहीही न करता वाट पाहणारा, थकलेला, घड्याळाकडे पाहणारा माणूस तो देऊ शकत नाही. तो माणूस पाहिजे असेल तर पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस धरून पुण्यास जावे लागते, तेथे मुक्काम करावा लागतो, आणि प्रवेशशुल्क, भाडे व भोजन मिळून एका स्पर्धेचा खर्च मागावर काम करणाऱ्या कुटुंबाला सहज परवडत नाही. म्हणून जेव्हा बाहेरची बलवान मंडळी सोलापुरास येतात, तेव्हा पहिल्या दोन फेऱ्या येथल्या मुलांसाठी वर्षातील सर्वांत मोलाच्या असतात. या शहरात पहिली फेरी हीच पाठशाळा आहे, आणि तिचे शुल्क वरचे खेळाडू आपल्या रेटिंगातून भरतात.

ते शुल्क किती, तेही पाहू. चारशेच्या अंतरावर गृहस्थ जिंकले असते तर त्यांना १.६ गुण मिळाले असते. बरोबरीने त्यांचे ८.४ गुण गेले. मुलीला तिच्या चढ्या गुणकामुळे १६.८ मिळाले, हरली असती तर ३.२ गेले असते. अशा स्पर्धांतून तीन-चार मागे पडलेल्या आकड्यांची मुले भेटली की प्रौढ खेळाडूचे वर्षभराचे श्रम वाहून जातात; त्यामुळे अनेक जण लहान गावांच्या स्पर्धा टाळू लागले आहेत. त्यांना दोष देणे सोपे आहे. मला मात्र आयोजकांना सांगावेसे वाटते की बक्षिसांची रक्कम थोडी कमी करून वरच्या खेळाडूंची राहण्याची व्यवस्था करावी, आणि डाव संपल्यावर दोघांना बसून तो पुन्हा लावता येईल अशी एक स्वतंत्र खोली ठेवावी. बहुतेक ठिकाणी ती खोली नसते. निकाल नोंदला की पंच पट रिकामा करून घेतात आणि जे शिकायचे ते दारातच राहते.

डाव संपल्यावर

चौदाव्या पटाचे गृहस्थ सही करून उठले, पाणी पिऊन आले, आणि ओसरीवर आईशेजारी बसलेल्या मुलीपाशी जाऊन उभे राहिले.

"तो कोपरा कुठे शिकलीस, बाळ?"

"मॅडमनी शिकवलाय, सर. उंट आपल्या कोपऱ्याचा नसला की घोडा देऊन टाकायचा."

"मग आधी का नाही दिलास? दहा चाली नुसती थांबलीस."

"तेव्हा तुमचं प्यादं मारायला तयार होतं की, सर. ते पुढं जाऊस्तोवर थांबले."

गृहस्थांनी ओसरीवर मांडी घालून पिशवीतील पट काढला. प्रथम त्यांनी स्वतःची चूक दाखविली: प्यादे सारण्याऐवजी उंट ई-४मध्ये आणून घोड्यावर नेम धरायचा होता, आणि घोडा तेथेच थांबला तर उंट देऊन तो काढायचा, मग राजा आणि दोन प्यादी आपोआप पुढे गेली असती. नंतर ते मागे मागे जात एकविसाव्या चालीपाशी आले आणि हत्ती कोणत्या रांगेत हवा होता ते मुलीकडूनच काढून घेऊ लागले. आजूबाजूला आठ-दहा मुले जमली. ज्यांचे डाव अठरा चालींत आटोपले होते त्यांपैकी दोघांनी आपापली नोंदपत्रे पुढे केली. पाऊण तास हे चालले. मंगल कार्यालयाच्या त्या ओसरीवर मी जे पाहिले तेवढ्यासाठी जरी या स्पर्धा भरत असतील तरी त्या भरल्या पाहिजेत.

दुसरी फेरी दुपारी झाली. मुलीची गाठ अर्ध्या गुणावर अडलेल्या दुसऱ्या एका वरच्या खेळाडूशी पडली आणि ती हरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या फेरीत पारडे फिरले: समोर आठ वर्षांचा, १४३०चा, नुकताच रेटिंग मिळालेला मुलगा, आणि भिंतीवरचा वरचा आकडा प्रथमच तिचा. तिने त्या कागदाकडे पाहिले तेव्हा आदल्या दिवशीची भीती तिच्या चेहऱ्यावर नव्हती. ती जागा एका घाईने घेतली होती. ती भराभर खेळली, पटाच्या मधोमध हल्ला केला, आणि बाविसाव्या चालीला वजीर गमावला.

बाहेर तिच्या मॅडम उभ्या होत्या. त्यांनी नोंदपत्र हातात घेतले, डोळ्यांखालून घातले.

"किती वेळ घेतलास या चालीला?"

"दहा सेकंद, मॅडम."

"घड्याळात?"

"सत्तर मिनिटं होती."

"आणि काल त्या सरांनी तुझ्या एकेका चालीला किती घेतली?"

मुलीने उत्तर दिले नाही. आदल्या दिवशीचे गृहस्थ आपला डाव आटोपून त्याच वेळी बाहेर आले होते. त्यांच्या पिशवीतला पट तिने कोणी न सांगताच मागून घेतला.

"एकविसाव्यापासून लाव," मॅडम म्हणाल्या.